सेकंडहँड काटा: अडॅप्टर काढला की अर्ध्या तासात बॅटरी बसते

बेळगुंदीकरीण

नमस्कार मंडळी. मी बेळगुंदीची, राकसकोपच्या वाटेवरची. घरची रताळी, बटाटे, वेळेला जी भाजी निघेल ती घेऊन शनिवारी बेळगावच्या बाजारात बसते, बाकीचे दिवस गावातच रस्त्याकडेला. आजवर तागडी नि वजनं होती. सासूबाईंचा हात तर असा बसलाय की अर्धा किलो म्हटलं की ढिगातून बरोब्बर अर्धा किलोच उचलतात, तागडी नुसती साक्षीला. पण शहरातल्या गिऱ्हाइकाला आता आकडा बघायचा असतो. त्यांचं तरी काय चुकलं?

चंदगड भागात एक किराणा दुकान बंद झालं. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा १८०० रुपयांना मिळाला. ३० किलोचा, ५-५ ग्रॅमनं पुढं सरकणारा, लाल आकड्यांचा, माझ्या बाजूला नि गिऱ्हाइकाच्या बाजूला दोन्हीकडं डिस्प्ले. दुकान बरेच महिने कुलपात होतं. काट्यावर बोटभर धूळ होती, पण पुसल्यावर चालू झाला. वजनांच्या पेटीतलं एक किलो ठेवलं, बरोबर १.००० आलं. घेतला.

घरी अडॅप्टर लावून काही अडचण नाही. घोडं अडतंय ते बाजारात. तिथं छत्रीखाली लाईट कुठली? रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी नेला तरी अर्ध्या तासात आकडे मंद होतात. मग तीच पिशवी आधी १.९८०, लगेच २.०३५, परत काहीतरी तिसरंच. शेवटी 'एल ओ' अशी अक्षरं येतात नि बंद. परवा एक काका सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, काटा हालालाय की ओ!" माझा जीव कसा झाला असेल बघा. मापात मारणारी म्हणून नाव झालं की त्या बाजारात परत बसायची सोय नाही.

एका दुकानात दाखवला. त्यांनी नुसता हातात घेऊन उलटासुलटा केला, म्हणाले बोर्ड गेलाय, नवा घ्या, आणि नवे काटे दाखवायला लागले. मी तशीच उठून आले.

विचारायचंय ते असं. बॅटरी गेलीय की खरंच आतलं काही? बॅटरी बदलली तर वजनाचं सेटिंग बिघडतं का? बाजूला एका स्क्रूला तार नि शिशाचं सील आहे, त्याला हात लावला तर दंड होतो म्हणतात, मग बॅटरी काढायची कशी? पुतण्या आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, त्याच्याकडं मीटर आहे. नवरात्र तोंडावर आलंय. उपासाच्या रताळ्यांवरच आमचं पुढचं सगळं बसलेलं असतं, म्हणून घाई.

कॅम्पातला

बॅटरी गेलीय, दुसरं काही नाही. ती जुनी जड बॅटरी काढून टाका आणि लिथियम घाला. जुन्या पॉवर बँकमधले दोन सेल जोडले की काम झालं. हलकी होते आणि महिनाभर चार्ज करायला नको.

निपाणकर

लिथियमच्या भानगडीत पडायच्या आधी आतल्या बॅटरीवर काय छापलंय ते वाचा. माझा काटा बाहेरून अगदी असाच दिसतो, पण आत ४ व्होल्टची निघाली. मी ६ ची विकत आणून बसलो होतो, दुकानदार भला म्हणून बदलून दिली.

दुसरं, बॅटरीच्या वरचं प्लास्टिकचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं की खाली रबरी टोप्या दिसतात. त्या काढून प्रत्येक भोकात सिरिंजनं थोडं डिस्टिल्ड वॉटर सोडायचं. आमच्या गल्लीतल्या एकानं इमर्जन्सी लाईटची बॅटरी अशी उठवलीय. फुकटात होत असेल तर बघा.

शहापूरचा काटेवाला

ताई, आधी बोर्डाची भीती काढून टाका. अडॅप्टरवर एक किलोला एक किलो दाखवतोय म्हणजे बोर्ड नि वजन ओळखणारा लोडसेल दोन्ही धड आहेत. बोर्ड गेला म्हणणाऱ्यानं अडॅप्टर लावून बघितलं होतं काय? मी बरीच वर्षं लायसनवाल्या काटेदुरुस्तीच्या दुकानात काम केलं. आता नजरेमुळं सोल्डरिंग सोडलंय, पण 'बोर्ड गेला' म्हणून आलेल्या काट्यांत नुसती बॅटरी मेलेले किती होते ते मला ठाऊक आहे.

वजन का हालतं ते सांगतो, म्हणजे गिऱ्हाइकालाही सांगता येईल. ताटाखाली अॅल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, तो लोडसेल. वजन पडलं की तो केसभर वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा रोध बदलतो आणि तिथनं जो सिग्नल येतो तो काही मिलिव्होल्टांचा असतो. त्याला लागणारे पक्के ५ व्होल्ट बोर्डावरचा रेग्युलेटर बॅटरीच्या ६ मधून काढून देतो. बॅटरी घसरली की रेग्युलेटरला वरनं पुरेसं मिळत नाही, ५ चे ५ राहत नाहीत आणि एवढ्याशा सिग्नलचं मोजमाप डळमळायला लागतं. चांगला काटा त्याच्या आधीच एल ओ, म्हणजे 'लो', बॅटरी उतरली, असं दाखवून गप्प बसतो. स्वस्तातला थोडा वेळ खोटं बोलतो नि मग बंद होतो. तेव्हा आकडे मंद झाले की त्या क्षणापासून त्या काट्यावर विकायचं नाही. तागडी सोबत ठेवा.

आता बॅटरी. लाल आकड्यांच्या ३० किलोच्या काट्यात बहुतेक ६ व्होल्ट, ४ किंवा ४.५ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अॅसिड असते. ७० बाय ४७ मिलिमीटरची, उंचीला १० सेंटिमीटर, वजनाला पाऊण किलोच्या आतबाहेर. आत २-२ व्होल्टचे ३ सेल. निपाणकर म्हणाले ते बरोबर, ४ व्होल्टवालेही काटे आहेत, आधी छापलेलं वाचायचं.

पुतण्याला सांगा, रात्रभर चार्ज करून सकाळी अडॅप्टर काढ, काटा बंद ठेव आणि तीन-चार तास हात लावू नको. लगेच मोजलं तर फुगलेला आकडा मिळतो, त्यावर विश्वास ठेवून लोक फसतात. मग बॅटरीच्या दोन टोकांवर डीसी व्होल्ट मोजायचे. ६.४ च्या आसपास असेल तर भरलेली आहे. पण ६.४ असूनही काटा चालू केल्याबरोबर भराभर साडेपाचाकडं आली, तर आकार तेवढा उरलाय, आतली ताकद गेलीय. आणि ४.२ च्या आसपास अडकली असेल तर तीनपैकी एक सेल शॉर्ट झालाय, दोनच जिवंत आहेत. तिला कुठल्याही चार्जरनं काही होत नाही.

कुलपात पडलेल्या दुकानाचं तुम्ही सांगितलंत तिथंच मला अंदाज आला. लेड-अॅसिड वापरून जेवढी मरत नाही तेवढी उतरलेल्या अवस्थेत पडून मरते. उतरली की प्लेटींवर लेड सल्फेट धरतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं, महिनोन् महिने तसंच राहिलं की त्याचे कडक स्फटिक होतात आणि मग चार्जिंगनं ते सुटत नाहीत. नवी, भरलेली बॅटरीसुद्धा नुसती ठेवली तर महिन्याला साधारण ३ टक्के आपोआप उतरते, उन्हाळ्यात जास्तच. सेकंडहँड वस्तूत म्हणून मी बॅटरी मेलेलीच धरतो. काटा १८०० चा, वर बॅटरीचे चार-पाचशे, असा हिशोब करूनच सौदा करायचा.

पाणी घालायचा उद्योग करू नका. आत काचेच्या तंतूंच्या गादीत मुरवलेलं सल्फ्युरिक अॅसिड असतं. पाणी सुकून ताकद कमी झाली असेल तर थोडे दिवस ती उठते, खरं आहे. पण सेल शॉर्ट असेल किंवा सल्फेट कडक झालं असेल तर पाण्यानं काही होत नाही, आणि त्या टोप्या परत नीट बसत नाहीत. मग ते अॅसिड काट्याच्या पोटात उतरून बोर्ड खातं. म्हणजे त्या दुकानदाराचं म्हणणं तुम्हीच खरं केल्यासारखं होईल.

पॉवर बँकचे सेल तर मुळीच नको. दोन जोडले की पूर्ण चार्ज व्हायला ८.४ व्होल्ट लागतात, एकच लावला तर ४.२ च्या वर जात नाही. काट्यातली चार्जिंगची सोय ६ व्होल्टच्या लेड-अॅसिडसाठी केलेली, तिला लिथियमचं कुठं थांबायचं ते कळत नाही. संरक्षण सर्किट नसेल तर ते सेल पेट घेऊ शकतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचा दोन सेलचा ६.४ व्होल्टचा पॅक, आत बीएमएस, म्हणजे सेल सांभाळणारं संरक्षण सर्किट, असलेला, तो या चार्जिंगला बऱ्यापैकी जुळतो. महाग पडतो. बाजारात बसणाऱ्याला साधी बॅटरीच परवडते, आणि ती कुठल्याही गावात मिळते.

सीलचं नीट ऐका. ते शिशाचं सील वजनमापं खात्याच्या पडताळणीचं. ते ज्या स्क्रूला आहे त्यातनं कॅलिब्रेशनपर्यंत, म्हणजे वजनाच्या सेटिंगपर्यंत, पोचता येतं म्हणून ते तिथं असतं. त्याला हात लावायचा नाही. काटा उलटा करा, तळाला बॅटरीचं वेगळं झाकण असतं, एक-दोन स्क्रूंचं. तिथनं बॅटरी निघते, सीलचा संबंध येत नाही. काही काटे मात्र पूर्ण उघडावेच लागतात. तसा असेल तर घरी उघडू नका, लायसनवाल्याकडं द्या, आणि सील तुटलं की परत पडताळणी करून शिक्का घेतल्याशिवाय त्यावर विकायचं नाही. तसंही इलेक्ट्रॉनिक काट्याला वर्षातून एकदा पासिंग, म्हणजे हीच पडताळणी, लागतं. तुमच्या शिक्क्यावरचं वर्ष बघा. दुकानच बंद होतं म्हणजे तो बहुतेक जुना असणार.

वजनाचं सेटिंग बॅटरी काढल्यानं जात नाही. ते अशा चिपमध्ये असतं की तिला टिकून राहायला लाईट लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरी स्वतः मेली की कुणी मारली ते आधी बघा, नाहीतर नवीही तशीच जाईल. अडॅप्टरवर काय छापलंय आणि काट्याच्या मागच्या पट्टीवर काय लिहिलंय, दोन्ही वाचून इथं लिहा.

बेळगुंदीकरीण

काका, तुम्ही म्हणाला तसं सगळं केलं. तळाला झाकण आहे, दोनच स्क्रू, सील लांब राहिलं. आत ६ व्होल्ट ४.५ चीच निघाली. पोट थोडं फुगलंय, आणि काढताना खाचेत अडकून बसली होती. रात्रभर चार्ज करून दुपारी पुतण्यानं मोजली: ४.२. त्याला वाटलं मीटर बिघडलाय, म्हणून त्यानं गाडीच्या बॅटरीवर लावून बघितला. मीटर बरोबर आहे.

काट्याच्या पट्टीवर ९ व्होल्ट लिहिलंय. अडॅप्टरवर १२! पुतण्या म्हणतो हा इंटरनेटच्या डबीचा अडॅप्टर आहे, दुकानवाल्यांनी मूळचा हरवल्यावर पिन बसली म्हणून हाच लावला असणार. सासूबाई लगेच म्हणाल्या, जास्त व्होल्ट म्हणजे लवकर चार्ज होत असेल की! आता त्यांना काय सांगू?

शिक्का दोन वर्षांपूर्वीचा आहे.

शहापूरचा काटेवाला

आजींना सांगा, दुधाखाली जाळ वाढवला की ते लवकर तापतं, पण मग भांड्यात राहत नाही. इथंही तेच झालंय. ६ व्होल्टच्या या बॅटरीला रोज लावून काढायचं असेल तर चार्ज पूर्ण होताना ७.२ ते ७.५ पर्यंत जावं, कायम लावून ठेवायची असेल तर ६.७५ ते ६.९ वर थांबावं. स्वस्त काट्यात हे सांभाळणारं सर्किट साधं असतं, बऱ्याचदा एक डायोड नि एक रेझिस्टर, बाकी सगळी भिस्त अडॅप्टरवर. १२ चा लावला की करंट नि व्होल्टेज दोन्ही वर जातात. आतलं पाणी वायू होऊन निघून जातं, प्लेटी सुजतात, पोट फुगतं आणि एक दिवस सेल शॉर्ट. दुकान चालू असताना अडॅप्टर दिवसरात्र भिंतीला असणार. पुढं कुलूप लागलं तेव्हा उरलेली बॅटरी उतरून पडली. दोन्ही बाजूंनी मार बसलाय. फुगलेली आहे म्हणून आता परत चार्जिंगला लावू नका, काढूनच ठेवा.

९ व्होल्टचा अडॅप्टर आधी आणा, बॅटरी नंतर. पट्टीवर ९ च्या पुढं डीसी की एसी ते बघा, काही काट्यांना ९ व्होल्ट एसी लागतो. डीसी असेल तर पिनच्या आतलं टोक प्लस की मायनस, त्याची खूणही तिथंच असते. मिलिअँपिअर पट्टीवर आहेत तेवढे किंवा थोडे जास्त चालतात.

बॅटरी काट्याच्या दुकानात किंवा इन्व्हर्टर-यूपीएसवाल्याकडं मिळेल. पैसे द्यायच्या आधी तिथंच मीटर लावायला सांगा. ६.३ च्या वर असेल तर घ्या. ६ किंवा खाली असेल तर ती दुकानात पडून तुमच्या आधीच म्हातारी झालीय, दुसरी मागा. अंगावर तारखेचा छाप असतो, तोही बघा. टोकं ४.८ मिलिमीटरची चपटी असतात, जुन्या वायरची क्लिप सरळ बसली पाहिजे. लाल प्लसला, काळी मायनसला. नव्या बॅटरीत प्लसची जागा कधी कधी दुसऱ्या बाजूला असते, जुनी कशी होती तसं डोळे झाकून लावू नका. उलटं लागलं तर बोर्ड खरंच जातो.

लावल्यावर पहिल्या रात्री पूर्ण चार्ज करा आणि सकाळी अडॅप्टर चालू असतानाच बॅटरीच्या टोकांवर मोजा. साडेसातच्या वर जात असेल तर मला इथं कळवा, चार्जिंगचा भाग दुरुस्तीला द्यावा लागेल.

कॅम्पातला

काका, लिथियमचं कळलं. पण एवढं सगळं करण्यापेक्षा नवा काटा घेतलेला काय वाईट? बॅटरी, अडॅप्टर, पासिंग धरून किती झाले?

शहापूरचा काटेवाला

नवा घेतला तरी पासिंग आहेच, आणि दोन-तीन वर्षांनी बॅटरीही आहेच. जुन्या काट्यातला लोडसेल आणि बोर्ड धड असेल तर टाकायचं कारण नाही. लोडसेल वाकलेला असता, रिकामं ताट शून्यावर येत नसतं, तर मीच म्हटलं असतं टाका म्हणून.

बेळगुंदीकरीण

झालं एकदाचं. पट्टीवर ९ व्होल्ट डीसीच होतं, अडॅप्टर तसा मिळाला. बॅटरी पहिल्या दुकानात मोजली तर ५.९. दुकानदार म्हणाला, वैनी, चार्ज केली की येते वर. मी म्हटलं तुम्ही करा चार्ज, मी पुढच्या आठवड्यात येते. दुसऱ्या दुकानात ६.३८ मिळाली, ४५० ला. मीटर लावायला सांगितला तर त्यांनी जरा वेड्यात काढल्यासारखं बघितलं, पण लावला. जुनी परत घेऊन वजनावर थोडे कापूनही दिले.

रात्रभर लावून सकाळी चालू अडॅप्टरवर ७.२. चार तासांनी ६.४३. परवाच्या शनिवारी सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत काटा चालू होता, आकडे शेवटपर्यंत लखलखीत. मधेमधे एक किलोचं वजन ठेवून बघत होते, दर वेळी १.०००. त्या आधी काटा पासिंगला नेला होता, नवा शिक्का बसलाय. सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये घालून टोपलीला बांधलंय, कोण मागत नाही पण असू दे. तागडीही नेते सोबत. सासूबाई ती घरी ठेवू देत नाहीत.

एकच शंका राहिली. रताळी संपली की पुढं काटा फारसा लागत नाही. तेव्हा अडॅप्टर लावून ठेवू की काढून?

शहापूरचा काटेवाला

७.२ छान आहे, पण ते रोज लावून काढायसाठी. कायम लावून ठेवायला जास्त होतं. तेव्हा पूर्ण चार्ज करा, अडॅप्टर काढा, मागचं बटण बंद करा. नुसता डिस्प्ले विझला म्हणजे काटा बंद झाला असं नसतं. बॅटरीची एक क्लिप काढून ठेवली तर उत्तम. दोन-तीन महिन्यांनी एक रात्र चार्जिंग द्या. आणि माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, तिथं उन्हाळ्यात भट्टी असते. दर ८-१० अंश जादा गरमीला या बॅटरीचं आयुष्य अर्ध्यावर येतं. बाजारातही काटा छत्रीच्या सावलीतच ठेवायचा.

कडोली भजनी मंडळ

विषय जवळचाच आहे म्हणून इथंच विचारतो. आमच्या मंडळानं चाकाचा स्पीकर जुना घेतलाय, माईकसकट. आत १२ व्होल्ट ७ ची बॅटरी आहे. हरिपाठ अर्धा झाला की आवाज फाटतो आणि मग बंद. हाच हिशोब लागू होईल का?

शहापूरचा काटेवाला

होय, सगळं दुप्पट करा. ६ सेल, भरून विसावलेली १२.८ च्या आसपास, एक सेल शॉर्ट असेल तर साडेदहाच्या जवळ अडकेल. चार्ज होताना १४.४ ते १५, कायम लावायचा असेल तर १३.५ ते १३.८. स्पीकर काट्यापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, म्हणून नुसतं मोजून भागणार नाही. आवाज चालू ठेवून मोजा. टाळ-मृदंग जोरात असताना ११ च्या खाली जात असेल तर बॅटरी गेली. आणि तो स्पीकर एका एकादशीपासून दुसरीपर्यंत कुठं नि कसा ठेवता, ते आधी सांगा.

कडोली भजनी मंडळ

देवळातच. वापरून झाला की तसाच. चार्जिंग एकादशीच्या आदल्या दिवशी.

शहापूरचा काटेवाला

उलटं करा. भजन संपलं की त्याच रात्री चार्ज, मग ठेवायचा. मोजून आकडे टाका, बघू.